बशीतलं अंगण

गरम कपाटाचं दार उघडण्याआधी चाचा बोटाच्या पेरानं टकटक करायचे. मग जरा थांबायचे, आतून कोणी "या" म्हणेल अशी वाट बघितल्यासारखे. मग हलकेच दार उघडायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, दार अडकत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, म्हातारपणाची सवय असेल. मग एकदा धीर करून विचारलं.

"चाचा, आत कोण आहे?"

"राहनारे," ते म्हणाले. "तू कुनाच्या घरात ठोकल्याशिवाय जातेस काय, बाय?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी माझा हात धरला नाही, पण बोटानं खूण करून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "हात घाल आत." मी घातला. कपाटात काचेच्या झाकणाच्या बशा एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, आणि ऊब होती. चुलीची नाही, उन्हाची नाही. कुणाच्या तरी काखेत हात गेल्यासारखी. मी पटकन हात काढून घेतला.

"मानसाच्या अंगाएवढं गरम ठेवतो," चाचा म्हणाले. "त्यांना वाटलं पायजे, आपन अजून मानसातच हाय."

सानपाड्याला एका दुकानाच्या वर आमची लॅब होती. रक्त, लघवी, थुंकी, जखमेचा पू, सगळं तिथं यायचं. माझं काम भांडी धुण्याचं, लादी पुसण्याचं आणि वापरलेल्या बशा मोठ्या कुकरात घालून मारण्याचं. मारण्याचं म्हणजे, वाफेत शिजवून त्यातले जंतू मारायचे आणि मग फेकायचं. दिघ्याहून मी बसनं यायची. मी कुणाशी फारशी बोलत नसे, आणि चाचांच्या खोलीत तेच बरं होतं. त्या खोलीत मोठ्यानं बोललेलं त्यांना चालत नसे.

तुम्ही त्यांना बघितलं असतं तर बँकेतले कारकून समजला असता. बारीक अंग, नीट कापलेली पांढरी दाढी, पांढरा कोट, खिशाला पेन. गाव पनवेलच्या पलीकडे, खाडीच्या काठचं. त्यांच्या गावात घरटी एकदोन माणसं आखातात नोकरीला. हेच एक गेले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सगळेच गेले तर ह्यांना कोन बघनार?" आणि कपाटाकडे मान वळवायचे.

बशा ते वासानं ओळखायचे. झाकण उघडून नाकाजवळ नाही न्यायचे, तसं करायचं नसतं, पण दार उघडलं की वारा जो येई त्यावरनंच सांगायचे. "आज द्राक्षंवाला आलाय." खरंच, एका जातीच्या जंतूला पिकलेल्या द्राक्षांचा वास येतो. मला तो वास आवडायचा आणि आवडतो म्हणून भीती वाटायची. तो वास कुणाच्या तरी भाजलेल्या पाठीतून आलेला असायचा.

आता बशीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बशीत खळीसारखी जेली असते. तिच्यावर रोग्याचा जंतू सारवायचा, शेणानं जमीन सारवतात तसा, सगळीकडे सारखा. मग त्याच्यावर कागदाच्या पांढऱ्या चकत्या ठेवायच्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या. प्रत्येक चकतीत वेगळं औषध. बशी कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायची. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाही. गोल मोकळी जागा राहते. जे लागू पडत नाही त्याच्या चकतीला जंतू अगदी खेटून उगवतो.

त्या मोकळ्या जागेला चाचा अंगण म्हणायचे. पट्टी लावून मोजायचे आणि रिपोर्ट लिहायचे. डॉक्टर त्यावरनं औषध ठरवायचे.

"मी कामाला लागलो तवा अंगन एवढं पडायचं," ते हातानं दाखवायचे, "बैलगाडी वळवून घे. मग रिक्षा वळायला लागली. आता सायकल पन उभी राहत नाय."

मी त्यांच्या खांद्यावरनं बघायची. कधी कधी एका बशीत पाचसहा चकत्या आणि एकच अंगण, तेही चंद्रकोरीसारखं बारीक. बाकी सगळीकडे पिवळट दाट साय. बघता बघता मला वाटायचं, साय सरकतेय. चाचा म्हणायचे, सरकत नाही, आपण बघतोय तेवढ्या वेळात नाही सरकत. पण ते स्वतः बशी टेबलावर ठेवून पाठ फिरवत नसत. आधी झाकण बंद, मग पाठ.

नवं औषध निघालं की नव्या चकत्यांची डबी यायची. ती डबी आली की चाचा त्या औषधाचं नाव त्या खोलीत घेत नसत. "नवा पावना," एवढंच म्हणायचे. आमच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, हुशार, मनानं चांगल्या. त्या हसायच्या.

"चाचा, त्यांना कान नसतात हो."

"मॅडम, कान नाय त्यांना, म्हाईत हाय," चाचा म्हणायचे. "पन बातमी लागते ना?"

मॅडमचं हसू मग थांबायचं. कारण बातमी लागत होती. नव्या पाहुण्याचं अंगण वर्षा-दोन वर्षांत आटायला लागायचं.

ती बातमी कशी लागते, हे मी एकदा विचारलं. चाचांनी माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या हातात प्लास्टिकच्या हिरव्या बांगड्या होत्या.

"जंतूच्या पोटात एक बारीक बांगडी असते," ते म्हणाले. "तिच्यात इलम असतो, औषधाला कसं फसवायचं त्याचा. दोन जंतू जवळ आले की एक दुसऱ्याला बांगडी देतो."

"मग पहिल्याकडची जाते?"

"तीच तर गंमत हाय. देनाऱ्याचा हात रिकामा होत नाय. त्याची त्याच्याकडं राहते, आनि तसलीच ह्याच्या हातात येते."

"नात्यातले असावे लागतात का?"

"नाय गो. जात बघत नाय, धरम बघत नाय, गाव बघत नाय. वाटेत भेटला, दिली बांगडी. मानसाला जमलं नाय ते ह्यांना जमलंय." आणि मग हळू आवाजात, "विमानात जातात, बोटीत जातात, पाखरांच्या पोटात जातात. व्हिसा लागत नाय. आमच्या पोरांना लागतो."

त्या दिवसापासून घरी जाताना मला वेगळंच व्हायला लागलं. आमच्या चाळीमागून नाला जातो, पुढे खाडीला मिळतो. त्यात दवाखान्याचं पाणी येतं, कारखान्यांचं येतं, आमचं सगळ्यांचं येतं. पाणी वाहताना मला बांगड्यांचा आवाज यायचा. येत नसणार. पण यायचा. खूप बायका अंधारात एकमेकींना बांगड्या भरतायत, बोलत कोणीच नाही, असा.

कपाटातले सगळेच जंतू असले नव्हते. एक होता त्याला चाचा "गरीब" म्हणायचे. तो कुठल्या रोग्याचा नव्हता. तो लॅबचा पाळलेला. फार जुना जंतू, कुठल्याच औषधापुढे न टिकणारा. प्रत्येक लॅबमध्ये असा एक ठेवतात. चकत्या चांगल्या आहेत की खराब झाल्यात हे बघायला त्याला बशीवर सारवायचं. सगळ्या चकत्यांभोवती मोठी मोठी अंगणं पडली की चकत्या चांगल्या. नाही पडली तर चकत्या मेल्या, फेकून द्या.

गरिबाला चाचा फार जपायचे. त्याला सूप घालायचे. जंतू वाढवायचं पाणी असतं काचेच्या नळीत, त्याला ते सूप म्हणायचे. "ह्याला काय येत नाय," ते मला सांगायचे, शेजारच्याच्या भोळ्या पोराबद्दल बोलावं तसं. "कोन पन येतो, मारून जातो. म्हनून तर आपला हाय."

चाचांच्या बायकोला मी भाभी म्हणायची. मोठ्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. चाचांच्या डब्यात त्या माझ्यासाठी वेगळी तांदळाची भाकरी आणि सुकट घालायच्या. एकदा डोळे तपासायला वाशीला आल्या तेव्हा लॅबवर आल्या. चाचांच्या खोलीच्या दारात उभ्या राहून कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, "हीच काय ती माझी सवत?"

"हळू बोल," चाचा म्हणाले.

"बघ गो बाय!" भाभी मला म्हणाल्या. "घरात मी तापानं फनफनले तरी ह्यांना कळत नाय. आनि हिला जरा थंड वाटलं की रविवारी धावत येतात."

चाचा लाजले. त्यांना लाजताना मी तेवढं एकदाच बघितलं.

भाभींना साखरेचा आजार होता. एक दिवस मसाला वाटताना वरवंटा हातातून सुटला आणि पायाच्या बोटांवर पडला. नख गेलं, जखम झाली. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. बरं वाटलं म्हणून भाभींनी गोळ्या मधेच सोडल्या. पुन्हा पिकलं, पुन्हा दुसऱ्या गोळ्या. असं करत करत पाय काळा पडायला लागला तेव्हा त्यांना इकडे मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमेतला पू काढून आमच्याच लॅबला पाठवला. हे सगळं आम्हाला चाचांनी सांगितलं नाही. नळीवर नाव बघून मॅडमना कळलं.

"चाचा, ही बशी मी लावते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही राहू द्या."

"नाय मॅडम. ती मलाच रागवंल, दुसऱ्याच्या हातात दिली म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाभींची बशी काढली, तेव्हा मी लादी पुसत होते. मोजायची पट्टी त्यांनी उचललीच नाही. म्हणून मी उठून बघितलं.

अंगण नव्हतं. एकाही चकतीभोवती नव्हतं. नव्या पाहुण्याच्याही नाही. साय चकत्यांना खेटून आली होती आणि दोन ठिकाणी चकतीच्या वर चढली होती. चिकट, चमकदार. चाचांनी तारेचं टोक लावून उचललं तर बोटभर तार आली, गुळाच्या पाकाला येते तशी.

मॅडमनी बघितलं आणि चाचांच्या पाठीवर हात ठेवला. दवाखान्यातल्या सर्जनचं म्हणणं सरळ होतं. एखादं औषध लागू पडत असेल तर पाय वाचेल. नाहीतर अर्धं पाऊल लगेच काढायचं, म्हणजे टाच राहील, भाभी चालू शकतील. उशीर झाला तर विष वर चढणार.

"अर्धं पाऊल," चाचा मला म्हणाले. "बाय, ती चालते कशी बघितलंस ना? अख्खं घर हालतं."

ते ऐकायला तयार नव्हते, असं मी म्हणणार नाही. ते फक्त म्हणाले, "चकत्या बघून घेऊ. जुन्या असतील." नियम तसाच होता, त्यात चूक काही नव्हतं. त्यांनी सकाळीच गरिबाला सुपाच्या नळीत घातलं. भाभींचा जंतूही पुन्हा एकदा लावायचा होता, त्याच्यासाठी दुसरी नळी तयार ठेवली. एवढ्यात दवाखान्यातून फोन आला, भाभींना ताप चढलाय म्हणून. चाचा गेले. दुपारी आले, घाईघाईनं राहिलेलं काम उरकलं, नळ्या कपाटात ठेवल्या आणि पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी गरिबाची बशी सारवली, चकत्या ठेवल्या; भाभींची नळी अजून निवळच होती, काही उगवलं नव्हतं, म्हणून ती राहू दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला खोलीतून हसण्याचा आवाज आला. त्या खोलीत तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी धावत गेले तर चाचा गरिबाची बशी हातात घेऊन उभे होते.

"बाय! चकत्या मेल्या! बघ, बघ!"

गरिबाच्या बशीत अंगण नव्हतं. जो जंतू कुठल्याही औषधानं मरायचा, तो बशीभर दाट उगवला होता.

"म्हंजे तिचा रिपोर्ट खोटा," चाचा म्हणाले. "चकत्यांत दम नाय. गरीब पन मरत नाय म्हंजे चकत्याच मेल्या. नव्या लावू. तिचं अंगन पडंल!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही इतका आनंद झाला की मी तशीच ओल्या हातानं त्यांना हात जोडले.

मॅडम यायच्या आधीच त्यांनी सर्जनला फोन केला होता. सर्जन त्यांना कित्येक वर्षं ओळखत होते, त्यांच्या रिपोर्टावर त्यांनी किती माणसं बरी केली होती. चाचा फोनवर म्हणत होते, "सर, पाया पडतो, थांबा. रिपोर्ट चुकला. माझी चूक. नव्या चकत्या आनतो. दोन दिवस द्या."

सर्जननी दिले.

मॅडम आल्या, बशी बघितली आणि म्हणाल्या, "चाचा, फोन करायच्या आधी मला..." आणि मग तिथंच थांबल्या. बशी उजेडाकडे धरून तिरकी केली. "हा गरीब असा चिकट कधी दिसतो?"

"सूप जास्त झालं असंल," चाचा म्हणाले.

मला आता वाटतं, त्यांच्या डोळ्यांना दिसलं होतं. तीस वर्षं बशा बघितलेला माणूस. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. त्या सकाळी त्यांना अंगण हवं होतं, दुसरं काही बघायचं नव्हतं.

मॅडमनी वाशीच्या एका लॅबमधून नव्या चकत्या मागवल्या आणि त्यांच्याकडचा गरीबही मागवला. आपल्या चकत्या आणि त्यांच्या चकत्या, आपला गरीब आणि त्यांचा गरीब, सगळ्यांच्या बशा लावल्या. भाभींच्या जंतूची पण लावली. शिवाय आपल्या गरिबाच्या नळीतला थेंब त्यांनी एका वेगळ्या रंगाच्या जेलीवर पसरला. चाचा तोवर दवाखान्यात भाभींजवळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा बशा टेबलावर मांडलेल्या होत्या. वाशीच्या गरिबाला दोन्हीकडच्या चकत्यांनी मोठी मोठी अंगणं पडली होती. आपल्या जुन्या चकत्यांनीसुद्धा. म्हणजे चकत्या मेल्या नव्हत्या. त्या आधीपासून चांगल्याच होत्या. भाभींच्या बशीत अंगण नव्हतं. आपल्या गरिबाच्या बशीतही नव्हतं.

रंगीत जेलीवर दोन तऱ्हेचे ठिपके आले होते. एक जाडे, गुलाबी, चिकट, ते भाभींचे. दुसरे चपटे, आणि त्यांच्यावर हिरवी चमक, शेणावर बसणाऱ्या माशीच्या पाठीवर असते तशी. ती चमक गरिबाची.

"चाचा," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "एका नळीत दोघं गेलेत."

चाचा खुर्चीवर बसले. त्या दुपारची घाई त्यांना आठवली असणार. जंतू घातल्या घातल्या सूप गढूळ होत नाही, पाण्यासारखंच दिसतं. गरिबाची नळी त्यांनी रिकामी समजून उचलली होती आणि भाभींचा जंतू तिच्यात घातला होता. ज्या माणसानं कधी दोन नळ्या एका हातात धरल्या नाहीत, त्यानं.

"म्हंजे तिचाच उगवला," चाचा म्हणाले. "गरीब त्याच्याखाली दबला. गरीब अजून गरीबच हाय. होय ना मॅडम?"

मॅडमनी नुसते हिरव्या चमकेचे ठिपके निवडून घेतले आणि त्यांची वेगळी बशी लावली.

सर्जनला फोन मॅडमनीच केला. त्या संध्याकाळी भाभींना आत नेलं. विष चढलं होतं. अर्ध्या पावलानं भागणार नव्हतं. गुडघ्याच्या वरनं पाय काढला. जीव वाचला.

चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबवर आले. यायची गरज नव्हती. सरळ आपल्या खोलीत गेले आणि मॅडमनी लावलेली ती बशी त्यांनी स्वतः काढली. त्यात नुसता गरीब होता, निवडून घेतलेला, दुसऱ्या कोणाचा कण नाही. एकदोन चकत्यांभोवती नखाच्या कोरीएवढी कड उरली होती. बाकी सगळीकडे तो चकत्यांना खेटून उगवला होता, चपटा, जराही चिकट नाही.

"एका नळीत एक रात्र," चाचा म्हणाले. "एवढंच लागलं."

मी दारात उभी होते. त्यांनी मला बोलावलं नाही, पण बोलत माझ्याशीच होते, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"माझ्याकडं आला तवा ह्याला काय येत नव्हतं. मी मरेपर्यंत ह्याला काय येनार नाय असं मला वाटलेलं. तिच्या पायातनं त्यानं ह्याला बांगडी दिली, बाय. तिच्या पायातनं."

त्या नळ्या, त्या बशा, लॅबमध्ये जपून ठेवलेला सगळा गरीब, मारायचा ठरला. एकदा भरवसा गेला की तो ठेवत नाहीत. मी टोपली भरून कुकरपाशी नेली. चाचा मागोमाग आले. म्हणाले, "मला दे." झाकण त्यांनी लावलं, आटे त्यांनी आवळले. काटा चढेपर्यंत उभे राहिले. वाफेची शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या तोंडात काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. मला वाटतं, कोणी गेल्यावर त्यांच्यात म्हणतात ते. मी विचारलं नाही.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. गरीब दुसरा आला, छोट्याशा कुपीत, पावडरीसारखा. चाचांच्या जागी एक मुलगी लागली. चांगली आहे, पटापट काम करते, कानात गाणी असतात. मॅडमनी भाभींचा जंतू पुढे एका मोठ्या ठिकाणी तपासायला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, चाचा नव्हते म्हणून बहुतेक. भाभींच्या जंतूतली बांगडी जशीच्या तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच, दूर कुठल्या बर्फाच्या देशात गटाराच्या पाण्यात सापडली होती. कोणी कोणाला दिली, आधी कोण, नंतर कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.

"अगदी तीच?" मी विचारलं.

"अगदी तीच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी बंद केली. का बंद केली त्यांनाही कळलं नसेल. बाहेर नुसता रस्ता होता.

उन्हाळ्यात मी भाभींना भेटायला त्यांच्या गावी गेले. घर खाडीला लागून. भाभी चाकांच्या खुर्चीत बसून ओरडून मला हाका मारत होत्या. आवाज तोच. मी बांगडीची बातमी सांगितली. मला वाटलं घाबरतील.

"घ्या!" त्या म्हणाल्या. "मी जन्मात विमानात बसले नाय, आनि माझा जंतू जग फिरून आला. अवो, ऐकलं काय?"

चाचा ओटीवर पाठमोरे बसून सुकट निवडत होते. त्यांनी मान हलवली. वळले नाहीत.

मग भाभींनी मला जवळ ओढलं. आवाज बारीक करायचा प्रयत्न केला, पण त्यांना तो कधी जमला नाही. "तुला म्हाईत नसंल," त्या म्हणाल्या. "डाक्टरला लई घाई झालेली. ह्यांनी पाया पडून दोन दिवस मागून घेतले माझ्यासाठी. दोन दिवस पाय माझ्याजवळ राह्यला. पायाशी बसून ऱ्हायचे, पावलाला हात लावून. कुनाचा नवरा करतो एवढं? आनि मी ह्यांना म्हनायची, तुमाला काय कळत नाय."

मी हो म्हटलं. ओटीवरचं सुकट निवडणं थांबलं होतं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

ऊन उतरल्यावर भाभींनी हट्ट धरला, खाडीवर न्या. चाचा नको नको म्हणत होते, मग खुर्ची ढकलत निघाले. मी बरोबर. भरती येत होती. धक्क्याच्या उतारावर पाणी हळूहळू वर चढत होतं, चहाच्या रंगाचं, सपाट. लांब पलीकडे आपल्या शहराच्या उंच इमारती दिसत होत्या आणि मधे काही नाही, नुसतं पाणी.

"पाय बुडवायचाय," भाभी म्हणाल्या.

"पान्याजवळ नको," चाचा म्हणाले.

"जन्म गेला ह्या पान्यात. आता का नको?"

"आता नको."

"आता काय न्हेनार? एकच उरलाय," भाभी म्हणाल्या आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या, आणि चाकाला हात घालून खुर्ची पुढे लोटायला लागल्या.

चाचांनी खुर्ची माझ्याकडे दिली. "धर, बाय," म्हणाले. चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पाण्यात उतरले, नडगीभर पाण्यात, चिखलात पाय रोवून. मला वाटलं, तळ बघायला गेलेत. पण ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, खाडीकडे पाठ. दोन्ही हात थोडे बाजूला पसरले, उरसात माणसं लोटतात तेव्हा दोरीच्या अलीकडचा माणूस मागची गर्दी थोपवायला पसरतो तसे.

"आन आता," ते म्हणाले. "हळू आन."

मी खुर्ची उतारावरनं खाली सोडली. भाभींनी पाऊल पुढे केलं. चाचा हलले नाहीत. त्यांच्यामागचं पाणी अगदी शांत होतं, आणि वर येत होतं.